गल्लीतल्या बातम्यांचं ॲप: दोन स्टार, तेही पाण्याच्या बातम्यांसाठी

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एकट्या त्याला झोडपून काय उपयोग, ह्या टाईपची चार-पाच तरी ॲप आहेत आणि सगळी एकाच माळेचे मणी. ज्यांच्या घरात कुणाच्या तरी फोनमधून दिवसभर "मोठी बातमी! मोठी बातमी!" असा आवाज येत असतो त्यांना बरोब्बर कळेल मी कशाबद्दल बोलतेय. काम असं की आपला एरिया टाकायचा, मग त्या एरियातल्या बातम्या उभ्या छोट्या छोट्या व्हिडिओत दिसतात, बोटानं वर ढकललं की पुढची. फुकट आहे. मध्ये मध्ये एनए प्लॉट आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती. मराठी बरं आहे, अक्षर मोठं करता येतं, त्यामुळे सिनियर सिटिझन लोकांत जास्त चालतं.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, धायरीच्या बाजूला राहतो. ॲप घेतलं ते पाण्यासाठी, अगदी दोन्ही अर्थांनी. एक म्हणजे गुरुवारी पाणी बंद का चालू, टँकर बोलवायचा का नाही, हे महापालिकेचं कळेपर्यंत टाकी संपलेली असते. आणि दुसरं म्हणजे पूर. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत काय झालं ते पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. रात्रीतून खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर नेला आणि पहाटे लोक उठले ते पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात तरंगताना बघतच. आमची बहीण तिथं जवळच राहते, तिच्या शेजारच्या सोसायटीतल्या लोकांना बोटीनं काढलं. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेली तीन पोरं शॉक लागून गेली. त्या पुरानंतर ओरड एकच होती, की आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मग नवऱ्यानं हे ॲप टाकलं, माझ्या फोनवर आणि सासूबाईंच्या पण, कारण दिवसभर घरी त्याच असतात.

तर त्या कामासाठी ॲप खरंच चांगलंय, हे आधी लिहून टाकते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई नुसती रडतेय. धरणातनं पाणी सोडलं, किती सोडलं, भिडे पूल बंद केला का, फ्लायओव्हरखाली कुठं तुंबलंय, लाईट कधी येणार, सगळं पटापट येतं. कधी कधी पाटबंधारे खात्याचा मेसेज जसाच्या तसा टाकतात, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, म्युझिक नाही काही नाही. त्याला व्ह्यूज किती? अगदीच थोडे. आणि त्याच्या खालच्या व्हिडिओला, ज्यात दोन पोरं हातात कोयते घेऊन पळतायत, त्याला लाखात.

इथूनच खरा रिव्ह्यू सुरू होतो.

ॲप टाकल्यावर पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. मग हळूहळू आमच्या घरातल्या गोष्टी बदलायला लागल्या. आई (म्हणजे सासूबाई) संध्याकाळी भजनाला जायच्या ते बंद झालं. दुपारी दार नुसतं लोटलेलं असायचं, त्याला आतून कडी, वर साखळी. लेक बारावीला आहे, तिचे क्लास सदाशिव पेठेत, यायला साडेआठ-नऊ होतात, तर साडेसातपासूनच आईंची फोनाफोनी सुरू. एरियात खरंच काही वाढलं होतं का? आमच्या बिल्डिंगमध्ये तर सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच्या पार्किंगला गाडी लावणं. पण आईंना विचाराल तर "अगं काय राहिलंय बाहेर, रोज कोयते निघतायत."

"कुठं निघाले?"

"इथंच. आपल्याकडं."

मग मी जरा बसून नीट बघितलं की त्यांना नक्की दिसतंय काय. आणि त्यात जे सापडलं ते प्रत्येक युजरनं बघावं असं आहे.

वाहनतोडफोडीचा एक प्रकार झाला होता, एका टोळक्यानं रात्री रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडल्या. घटना एक. पण ॲपवर कुणीही "रिपोर्टर" होऊ शकतो, व्ह्यूजवर पैसे मिळतात, त्यामुळे त्या एकाच घटनेचे व्हिडिओ वेगवेगळ्या लोकांनी टाकलेले. एकात समोरच्या मेडिकलचा कॅमेरा, एकात वरच्या मजल्यावरून मोबाईलनं काढलेला, एकात सकाळी फुटक्या काचा. कॅप्शनमध्ये एकानं लिहिलं वारजे, एकानं सिंहगड रोड, एकानं नुसतंच "पुणे हादरलं". आईंच्या हिशोबात त्या तीन वेगळ्या घटना होत्या, तीन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यांचं काय चुकलं? बघणाऱ्याला तसंच वाटणार. दोन दिवसांनी चौथ्या कुणीतरी तोच व्हिडिओ परत टाकला, खाली लिहून आलं "२ तासांपूर्वी". दोन तास म्हणजे अपलोड होऊन दोन तास, घटना होऊन नव्हे, पण हे सांगणार कोण.

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट. सीसीटीव्हीच्या फूटेजवर कोपऱ्यात तारीख-वेळ छापलेली असते ना? बहुतेक कॅमेऱ्यांना ती वरच्या पट्टीतच असते. ह्या ॲपचा लोगो कुठं बसतो? वरती, बरोब्बर तारखेच्या डोक्यावर. म्हणजे व्हिडिओ कधीचा आहे हे कळायची जी एक सोय होती तीच झाकलेली. मी एक क्लिप थांबवून झूम करून बघितली तर लोगोच्या कडेनं अर्धा "२" डोकावत होता, बाकी काही नाही. मुद्दाम करतात असं म्हणत नाही, पण इतक्या दिवसात कुणाच्या लक्षात आलं नाही हे पण पटत नाही.

तारीख नाही, नीट पत्ता नाही, आणि तिसरं जे नाही ते मला सगळ्यात जास्त खुपतं: पुढं काय झालं ते कधीच येत नाही. पोरं पकडली का? ती अल्पवयीन निघाली का? आपसातल्या भांडणातनं झालं का खरंच येणाऱ्या-जाणाऱ्यावर वार केला? "पुण्यात खळबळ" येतं, खळबळ शमल्याचं येत नाही. प्रत्येक व्हिडिओ आईंच्या मनात उघडाच राहतो, बंद होतच नाही. असे रोज पाच-सात उघडे व्हिडिओ जमा होत गेले तर माणूस संध्याकाळी भजनाला जाईल कशाला?

भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. मी पण बाई आहे, मला पण रात्री रिक्षात बसल्यावर लोकेशन शेअर करायला लागतं. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीच्या मागे कोयता घेऊन एक पोरगा धावला होता, ती रस्त्यानं पळत होती आणि शेवटी तिथल्याच दोन-तीन पोरांनी त्याला धरलं, ते फूटेज बघून मला जेवण गेलं नव्हतं. माझी लेक त्याच पेठेत क्लासला जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्टँडवर उभ्या शिवशाही बसमध्ये एका मुलीवर बलात्कार झाला तो तर पहाटेचा, भर डेपोच्या आवारात. ह्या बातम्या कळायलाच पाहिजेत. पण स्वारगेटच्या वेळी ॲपनं काय दाखवलं ते आठवतं मला. आरोपीचा फोटो लाल गोलात, शिरूरच्या बाजूला ऊसात पोलीस आणि ड्रोन, आणि त्या मुलीबद्दल खाली कॉमेंटमध्ये नको नको ते अंदाज. स्टँडवर दिवे किती होते, रात्री सिक्युरिटीला किती माणसं, बंद बसची दारं उघडी का, ह्यावर पेपरवाल्यांनी लिहिलं, ॲपवर मला तरी एक व्हिडिओ दिसला नाही. म्हणजे ज्यातनं स्टँड सुरक्षित होईल ते नाही, ज्यातनं लेकीला स्टँडवर सोडायची भीती वाटेल तेवढं मात्र भरपूर.

बरं, कोयत्याच्या बातम्यांत अजून एक गंमत आहे. गंमत कसली, ताप आहे. ती पोरं जे करतात ते निम्मं दिसण्यासाठीच करतात. हवा करायची, एरियात नाव व्हायला पाहिजे, मागं "भाई" वालं गाणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस आयुक्त अमितेश कुमार नवीन आले तेव्हा त्यांनी शहरातल्या गुंडांना आयुक्तालयात बोलावून त्यांची परेड घेतली होती, रील टाकायची नाही अशी ताकीद पण दिली. आणि त्या परेडचंच रील झालं! आता पोलीस आरोपींची त्याच गल्लीत धिंड काढतात जिथं त्यांनी दहशत केली, हेतू चांगलाय, लोकांची भीती जावी, पण धिंडीचा व्हिडिओ पण ॲपवर त्याच म्युझिकनं येतो, आणि खाली त्या पोरांचे दोस्त हार्ट टाकून जातात. ॲपचं काय जातंय, कोयत्याला व्ह्यू आणि धिंडीला पण व्ह्यू.

आता बोहारणीचा किस्सा सांगते कारण तो प्रकार आमच्याच गेटवर झाला.

मध्यंतरी मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ सुरू झाले होते. दर काही वर्षांनी येतात, साथ आल्यासारखे. ॲपवर हेडिंग होतं, "धायरी परिसरात मुलं पळवणाऱ्या महिलांची टोळी सक्रिय?" ते शेवटचं प्रश्नचिन्ह बघा, तिथंच सगळी हुशारी आहे. उद्या कुणी विचारलं तर आम्ही कुठं म्हटलं, आम्ही तर विचारलं. व्हिडिओत कुठल्या तरी गावात लोक एका बाईला घेरून ओरडतायत, भाषा पण मराठी नव्हती, आवाज म्युझिकनं दाबलेला. आमच्या ग्रुपवर तो आला, कुणीतरी लिहिलं "सर्वांनी काळजी घ्या", मग हात जोडलेले इमोजी, आणि सेक्रेटरी काकांनी वॉचमनला सांगून ठेवलं की अनोळखी बाई दिसली की फोटो काढून ग्रुपवर टाक.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी फोटो आला. "संशयास्पद महिला. गेटवर थांबली आहे." फोटोत डोक्यावर मोठी टोपली, टोपलीत स्टीलची पातेली रचलेली, खांद्याला जुन्या साड्यांचं बोचकं. सी विंगच्या काकूंनी लगेच लिहिलं, आत सोडू नका, बोचक्यात काय आहे बघा. आईंना मी फोटो दाखवला तर त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं ही आपली बोहारीण! गेल्या दिवाळीला ते मोठं पातेलं नाही का हिच्याकडनंच घेतलं, तुझी ती जांभळी साडी देऊन."

माझी जांभळी साडी कुठं गेली ते मला असं कळलं. असो.

आई खाली उतरल्या, मी मागोमाग. गेटवर वॉचमन नवीन होता, बिचारा घाबरलेला, म्हणाला, "आजी, व्हिडिओत अशीच बाई होती." अशीच म्हणजे कशी? साडी नेसलेली, सावळी, डोक्यावर ओझं? त्या हिशोबानं मग मंडईतली निम्मी माणसं टोळीतली. बोहारणीनं वाद घातला नाही. टोपलीत सगळ्यात वर एका वाटीखाली तिनं लॅमिनेट केलेलं आधार कार्ड ठेवलेलं होतं, ते काढून वॉचमनला दाखवलं, मग आईंना म्हणाली, "आता हे वरच ठेवते बाई. गेटागेटाला दाखवायला लागतंय." आईंनी तिला वर आणलं, चहा दिला, आणि एक डबा घेतला दोन साड्यांवर. (ह्या वेळी त्यांच्या स्वतःच्या.)

तिचा तो फोटो ग्रुपवरून कुणीतरी ॲपवर टाकला. "धायरीत संशयास्पद महिला आढळली?" परत प्रश्नचिन्ह. चेहरा स्पष्ट दिसतोय. मी रिपोर्टचं बटण दाबलं, कारण निवडलं "खोटी माहिती", त्यात सविस्तर लिहिलं की ही बाई वर्षानुवर्षं भांडी विकायला येते, आमच्या ओळखीची आहे, फोटो काढा. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." परत केलं, परत तेच. शेवटी फोटो टाकणारा बी विंगमधलाच पोरगा निघाला, त्याच्या आईला सांगितलं तेव्हा अर्ध्या तासात गेला. म्हणजे कस्टमर केअरपेक्षा बी विंगची वहिनी फास्ट.

हे मी एवढं ताणून सांगतेय कारण ज्यांना हे फालतू वाटतंय त्यांनी राईनपाडा आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जीव जाईपर्यंत मारलं. त्या काळात फोनोफोनी एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात तो. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ, शेवटी मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात की काळजी घ्या. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला फिरला. शेवट कापणं, बघा, इथं पण तेच! दोन वर्षांनी एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारले, तिथंही आधीचे काही दिवस चोर आले, मुलं पळवणारे आले अशाच वावड्या होत्या. राईनपाड्याच्या केसमध्ये फेब्रुवारी २०२४ ला धुळ्याच्या कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. ही बातमी तुमच्या कुठल्या ग्रुपवर आली होती का? माझ्या नाही आली.

२०१८ च्या त्या प्रकारांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली, मग २०२० मध्ये जास्त फिरलेल्या मेसेजला एकाच चॅटची. दोन बाण दिसले की आपण समजतो हा ढकललेला माल आहे. पण ॲपमधनं शेअर केलं की व्हॉट्सॲपसाठी तो नवा कोरा मेसेज, बाण नाही, काही नाही, वर ॲपचा लोगो म्हणजे "न्यूज चॅनेलवर आलंय". म्हणजे आधी निदान फॉरवर्ड तरी म्हणायचो, आता त्याला बातमीचा शर्ट घालून मिळतो.

आता मला सांगा ह्या सगळ्यानं आपण सेफ होतो का? आमच्या घरात काय ठरलं होतं ऐका. लेकीनं नऊ वाजता बसनं यायचं नाही, कारण स्टॉपवर उभं राहायला लागतं, कोण कधी काय काढेल. त्याऐवजी तिला ॲक्टिवा. रात्री नऊला, सिंहगड रोडनं, अठरा पूर्ण व्हायच्या आधी लर्निंग लायसन्सवर! मी तेव्हाच विरोध केला कारण मला हिशोब साधा दिसत होता. २०२२ साली महाराष्ट्रात खून झाले २,३०० च्या आसपास. त्याच वर्षी रस्त्यावर अपघातात गेले १५ हजारांच्या वर. सरकारी आकडे आहेत. खुनात पण कितीतरी ओळखीतले, घरातले, जमिनीच्या वादातले, म्हणजे स्टॉपवर उभ्या असलेल्या पोरीवर अनोळखी माणसानं येऊन वार करणं हा त्यातला छोटासा हिस्सा. आणि दुचाकीवाले मात्र अपघातात सगळ्यात पुढे. आमच्याच बाजूला नवले पूल आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं उतारावर एकामागं एक कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. त्यामुळे पीएमटी कितीही खडखडती असो, कंडक्टर कितीही खेकसो, माझी पोरगी बसमध्येच बरी. आईंना हे आकडे सांगितले तर म्हणाल्या, "अपघात काय, तो सांभाळून चालवलं की होत नाही." बघा म्हणजे, भीती कशाची बाळगायची हे पण आता फीडच ठरवतंय.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आला तेव्हा पण हाच तमाशा. आमच्याच पट्ट्यात पेशंट होते, नांदेड गाव, किरकटवाडी, डीएसके विश्व. संशय पाण्यावर होता, पाणी उकळून प्या एवढं एक वाक्य लोकांपर्यंत पोचायची गरज होती. ॲपवर पहिल्या दोन दिवसांत व्हेंटिलेटरचे आवाज आणि "लकवा मारणारा रहस्यमय आजार". उकळून प्या हे मला सोसायटीत आलेल्या आरोग्य खात्याच्या ताईंनी सांगितलं, त्या घरोघर फिरत होत्या.

पर्याय म्हणून मी काय केलं तर पोलिसांच्या वेबसाईटवर एफआयआर बघता येतात, महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आहे, तिथं तारीख आणि पोलीस स्टेशन टाकायचं, यादी येते. महिला-मुलांविरुद्धचे आणि संवेदनशील गुन्हे त्यात टाकत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणजे ते पूर्ण चित्र नाहीच. साईट स्लो आहे, कॅपचा दोनदा टाकायला लावते. पण आमच्या एरियाची यादी उघडलीत तर काय दिसतं? मोटारसायकल चोरी. मोबाईल हिसकावला. हयगयीनं गाडी चालवली. बंद फ्लॅटचं कुलूप तोडलं. आणि ऑनलाईन फसवणूक, ऑनलाईन फसवणूक, ऑनलाईन फसवणूक. शेअर मार्केटचा ग्रुप, पार्सल अडकलंय, वीजबिल भरा, खोट्या पोलिसांची व्हिडिओ कॉलवरची डिजिटल अरेस्ट. जे आईंच्या वयाच्या लोकांना खरंच गाठतंय ते आहे हे, दाराला साखळी लावून थांबत नाही, ते फोनमधूनच येतं. ह्याचे व्हिडिओ ॲपवर जवळजवळ नाहीत कारण त्यात दाखवायला काय आहे, एक म्हातारा माणूस खुर्चीत बसून ओटीपी सांगतोय. कोयता दिसतो, ओटीपी दिसत नाही. १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर आईंना पाठ करून घेतला, ११२ शेजारी फ्रिजवर लावलाय.

सेटिंगबद्दल थोडं, कारण रिव्ह्यू आहे. नोटिफिकेशन बंद करता येतं पण सगळं एकत्र. पाणी, वीज, ट्रॅफिक वेगळं आणि गुन्हे वेगळं असं करायची सोय नाही. म्हणजे धरणाचा मेसेज पाहिजे असेल तर कोयता पण घ्यायलाच लागतो, किलोभर टोमॅटोबरोबर पावशेर सडकी मिरची बळंच गळ्यात मारावी तसं. मी सपोर्टला मेल केला, ह्यावर काम सुरू आहे असं ऑटोमॅटिक उत्तर आलं, त्याला पावसाळा उलटला. ऑटोप्ले बंद होतं, ते मात्र तीन पानं आत, "डेटा सेव्हर" मध्ये लपवलेलं आहे, तिथून बंद करा, किमान किंकाळ्या तरी आपोआप वाजायच्या थांबतात. एरिया "पुणे" ऐवजी फक्त आपला प्रभाग ठेवा. कॉमेंट वाचू नका, तिथं माणसाचा माणसावरचा विश्वास उडेल, आणि प्रत्येक आरोपीची जात-धर्म-राज्य शोधायची स्पर्धा चालू असते ते वेगळंच.

आईंच्या फोनमधनं ॲप काढलं नाही. त्यांचा फोन आहे, त्यांना विचारल्याशिवाय काढायला मी कोण, आणि त्यांना त्यातलं पंचांग आवडतं. ऑटोप्ले तेवढं बंद करून दिलं. एक मात्र झालं, व्हिडिओ दाखवायला आल्या की मी प्रत्येक वेळी कधीचा, कुठला, पुढं काय झालं एवढं विचारायला लागले, तर आता त्या स्वतःच आधी वरच्या कोपऱ्यात बघतात आणि म्हणतात, "मेल्यांनी तारीख झाकलीय परत." भजनाला अजून एकट्या जात नाहीत, बी विंगच्या वहिनींच्या सासूबाईंबरोबर जातात.

तर ज्यांना घ्यायचंय त्यांना एवढंच सांगेन. मुठेच्या काठाला किंवा धरणाखालच्या पट्ट्यात राहत असाल तर जूनमध्ये टाका, ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की काढा. घरात म्हातारं माणूस दिवसभर एकटं असेल तर त्यांच्या फोनवर टाकूच नका, विसर्गाचा मेसेज तुम्ही फोन करून सांगा. पाण्याच्या बातम्यांना पाच स्टार, बाकी सगळ्याला शून्य, बोहारणीच्या फोटोसाठी मायनस देता येत नाही म्हणून सरासरी दोन. गुन्ह्यांचं नोटिफिकेशन वेगळं बंद करता आलं आणि तो लोगो खालच्या कोपऱ्यात सरकवला तर येऊन तीन करेन.